ऋतूंची रंगचित्रं आणि छोटे शब्द: पहिली-दुसरीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४, शनिवार
शाळा भरली. पहिली-दुसरी एकत्र, वर्ग माझ्याकडेच. यंदाचा प्रकल्प मुख्याध्यापकांच्या कानावर घातला: बघताक्षणी वाचता यायला हवेत अशा छोट्या शब्दांचा सराव, आणि तो ऋतूप्रमाणे बदलत जाणाऱ्या रंगचित्रांतून.

शब्द निवडताना नामं बाजूला ठेवली. बेडूक, छत्री, आंबा ही चित्रं बघूनच मुलं बोलून टाकतात. खाली काय लिहिलंय याकडे डोळा जातच नाही. अडतात ती आहे, नाही, आणि, पण, मग, अजून, वर, खाली, आत, बाहेर, हा, ही, हे, कुठे, नको यांच्यावर. प्रत्येक पानावर हे शब्द भेटतात आणि यांचं चित्र काही काढता येत नाही. दुसरा गट जोडाक्षरांचा: माझ्या, त्याला, तिच्या, म्हणाला, म्हणाली. जोडाक्षरं रीतसर शिकवायच्या कितीतरी आधी गोष्टीत हे शब्द येतात. कोल्हा काही बोलला की ‘म्हणाला’ आलाच. तिथे मूल थांबलं की गोष्टही थांबते.

इंग्रजीत ‘साइट वर्ड्स’ची प्रसिद्ध यादी एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये मांडली. तिच्यात २२० शब्द आहेत आणि नामं नाहीत. ९५ नामांची यादी वेगळी आहे. इंग्रजीत असे कितीतरी शब्द अक्षरं लावून नीट उच्चारता येत नाहीत, म्हणून ते नजरेत बसवावे लागतात. आपल्या लिपीत ती अडचण नाही, ‘आहे’ जसा लिहिला तसाच वाचायचा. म्हणून डॉल्च यांच्या यादीचं भाषांतर करून उपयोग नाही. आपली यादी आपल्या पहिलीच्या पुस्तकातून आणि मुलांच्या गोष्टींतूनच निघाली पाहिजे.

१८ जून, मंगळवार
चित्रं काढायला बसले. संगणकावर मजकूर टाकला तर ‘लाल’ आणि ‘खाली’मधला ल हिंदी वळणाचा दिसतो. फळ्यावर मी पाकळीचा ल काढते, पाठ्यपुस्तकातही तोच आहे. शासनाच्या २००९ च्या लिपीविषयक निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत. मोठ्या माणसाला या फरकाने काही होत नाही. पण ज्या मुलाने अक्षर कालच ओळखायला सुरुवात केली, त्याच्यासमोर एकाच अक्षराची दोन रूपं का ठेवायची? मजकूर हातानेच लिहायचा ठरवलं. जाड काळा पेन, अक्षर ठसठशीत, दोन शब्दांत भरपूर मोकळी जागा.

कागद साधाच, झेरॉक्सचा. स्केचपेनचा रंग पाठीमागे उतरतो, त्यामुळे फक्त तेलखडू. म्हणजे पानाच्या दोन्ही बाजू वापरता येतात.

२४ जून, सोमवार
दुसरीच्या मुलांना शब्द-रंग जुळवणीचं पान दिलं. इंटरनेटवर अशी पानं ढिगाने मिळतात: चित्राच्या प्रत्येक तुकड्यात एक शब्द, आणि वर कोपऱ्यात ‘आहे म्हणजे हिरवा, आणि म्हणजे निळा’ अशी यादी. छत्री फार सुरेख रंगली. मग कोपरा हाताने झाकला आणि छत्रीतल्या एकेका शब्दावर बोट ठेवून विचारलं. बहुतेक जण गप्प. एकाने ‘आणि’वर बोट ठेवून सांगितलं, “निळा.”

त्याचं बरोबरच होतं. पानाने त्याला तेवढंच विचारलं होतं. दोन आकार सारखे आहेत का ते बघायचं आणि खडू उचलायचा, यात वाचन कुठेच लागत नाही. मुलं वाचायला कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या लिनिया एरी यांचं काम याच मुद्द्याशी येतं: शब्द डोळ्यात बसतो तो नुसत्या आकाराने बसत नाही, त्यातलं अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी जुळली की बसतो. तेव्हा आमच्या पानाची कसोटी ठरली. शब्द वाचल्याशिवाय कुठला भाग रंगवायचा हे कळताच कामा नये.

१ जुलै, सोमवार
नवं पान. दोन चौकटी, दोन्हींत तेच घर, तेच आभाळ, तोच रस्ता. एकीखाली ‘पाऊस आहे’, दुसरीखाली ‘पाऊस नाही’. पहिल्या चौकटीत निळ्या धारा काढायच्या, दुसरीत पिवळा सूर्य. ‘पाऊस’ दोन्हीकडे असल्यामुळे त्याचा आधार नाही. निवाडा शेवटच्या शब्दावर.

पहिलीच्या मुलांना अजून अक्षरं यायची आहेत, पण हे पान त्यांनाही दिलं. आधी मी वाचलं, मग त्यांनी बोट ठेवून म्हटलं, मग रंग. बाहेर धो धो पाऊस असताना ‘पाऊस नाही’च्या चौकटीत सूर्य काढायला एक मुलगी तयारच होईना. “बाई, पण हाय की पाऊस!” तिला खिडकीशी नेलं आणि विचारलं, चित्रात काय लिहिलंय ते खरं की खोटं? खोटं, म्हणाली. मग पानावर येऊन ‘नाही’वर बोट ठेवून पुन्हा म्हटलं आणि सूर्य काढला. लिहिलेला शब्द समोरच्या जगापेक्षा वेगळं काही सांगू शकतो, हे कळणं वाचनात फार मोठं आहे.

याच पानाची रोजची पाटी केली. दाराशी दोन पट्ट्या टांगल्या आहेत, सकाळी येणारं पहिलं मूल योग्य पट्टी पुढे करतं.

८ जुलै, सोमवार
‘हाय’चा प्रश्न आज नीट विचारात घेतला. आमच्या मुलांच्या घरात ‘आहे’ला ‘हाय’, ‘नाही’ला ‘न्हाय’, ‘आणि’ला ‘आन्’ म्हणतात. यादीतले सर्वांत जास्त येणारे शब्द नेमके तेच आहेत जे घरी एक आणि पुस्तकात दुसरे आहेत. म्हणून मूल ‘बेडूक आहे’ बघून ‘बेडूक हाय’ वाचतं.

हे चूक धरायचं नाही असं मी ठरवलं. त्याला अर्थ कळला आहे, आणि तो कागदावरूनच कळला आहे. मी फक्त विचारते, “हाय बरोबर. आता कागदावर पहिलं अक्षर कुठलंय?” मूल आ वर बोट ठेवतं, पुढे हे वर ठेवतं, आणि ‘आहे’ आपोआप तोंडात येतं. घरच्या बोलीला धक्का न लावता अक्षराकडे आणता येतं. त्याऐवजी ‘हाय नाही, आहे म्हण’ असं दरडावलं तर पुढच्या वेळी मूल वाचायलाच बिचकतं, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

२२ जुलै, सोमवार
बेंदूर नुकताच झाला. पुस्तकात पोळा असतो, तो श्रावणात. आमच्याकडे सातारा भागात बैलांचा सण बेंदूर, आषाढात. मुलांच्या नखांत अजून शिंगांचा रंग होता. या आठवड्याला बैलाचंच पान.

हे पान आतापर्यंतचं सर्वांत जमलेलं. एक मोठा बैल, आणि शेजारी ओळी:
शिंगांना लाल रंग दे.
झुलीला निळा रंग दे.
पायांना रंग नको.
शेपटीला काळा रंग दे.
डोळ्यांना रंग नको.

‘दे’ आणि ‘नको’ हे इथले शब्द. मुलांना रंगवायचं तर सगळंच असतं, त्यामुळे ‘नको’ला थांबणं त्यांना जड जातं, आणि जड जातं म्हणूनच तो शब्द लक्षात राहतो. दुसरीतल्या एकाने पाय रंगवायला घेतले होते. शेजारच्याने त्याचा हात धरला आणि ओळीवर बोट आपटून म्हणाला, “नको हाय तितं, वाच की.” मी काहीच बोलले नाही.

वाक्यरचनेबद्दल एक गोष्ट टिपून ठेवते, कारण पुढचं प्रत्येक पान तिच्यावर उभं राहणार आहे. मराठीत रंगाचे बरेच शब्द नामाप्रमाणे बदलतात: हिरवा बेडूक, हिरवी वेल, हिरवं पान. नव्या वाचकाला हे तीन वेगळे शब्द दिसतात. पण ‘अमक्याला हिरवा रंग दे’ असं लिहिलं की विशेषण ‘रंग’ला लागतं, आणि ‘हिरवा’ सगळीकडे ‘हिरवा’च राहतो. पहिल्या सहामाहीत हीच रचना. हिरवी आणि हिरवं दुसऱ्या सहामाहीत आणायचं, मुद्दाम, शेजारी शेजारी ठेवून.

५ ऑगस्ट, सोमवार
रंगवण्यात वेळ फार जातो. एक मूल अर्धा तास बैलाचं अंग भरत बसतं आणि वाचतं पाच ओळी. रंगवण्याचा आनंद कमी करायचा नाही, पण प्रमाण बदलायला हवं. नव्या पानांत एक मोठं चित्र न ठेवता लहान लहान सहा-आठ वस्तू ठेवते आहे, प्रत्येकीला एक ओळ. मुठीएवढ्या वस्तूपेक्षा मोठं काही नको. पानाच्या मागे मात्र तेच चित्र मोठं आणि बिनशब्दाचं, घरी नेऊन हवं तसं रंगवायला.

भातलावणीचं पान याच पद्धतीने केलं: चिखल, रोपांची जुडी, इरलं, खेकडा, बांध. ‘खेकडा बांधावर आहे’, ‘खेकडा पाण्यात नाही’. खेकड्यावर तासभर चर्चा झाली. कुठल्या ओढ्याला मोठे मिळतात, धरायचे कसे, नांगी कुठून दाबायची. पान राहिलं बाजूला. राहू दे. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांनी खेकड्याची ओळ न अडखळता वाचली.

३० ऑगस्ट, शुक्रवार
तपासणी. चित्राशिवाय, रंगाशिवाय, नुसत्या शब्दपट्ट्या हातात देऊन. हे दर महिन्याच्या अखेरीस करायचं, नाहीतर मूल चित्र वाचतंय की शब्द ते कळत नाही.

आहे, नाही, दे, नको, वर हे दुसरीत पक्के. पहिलीत आहे आणि नाही बऱ्याच जणांचे. ‘आणि’ दोन्हीकडे डळमळीत. कारण मला वेलांटीत दिसतं. ‘णि’मध्ये वेलांटी ण च्या आधी काढतात आणि आवाज मात्र नंतर येतो, डावीकडून उजवीकडे जाणारं बोट आधी वेलांटीवर पडतं. त्यात ण हे अक्षर मुलांना उशिरा भेटतं. ‘आणि’साठी वेगळं पान हवं.

आणखी एक: ‘आहे’ पक्का असलेली मुलं ‘आहेत’लाही ‘आहे’च वाचतात. शेवटच्या अक्षरापर्यंत नजर जातच नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार
‘आणि’चं पान, गणपतीच्या निमित्ताने. ताटात जोड्या: मोदक आणि दुर्वा, फूल आणि पान, नारळ आणि केळं, उंदीर आणि लाडू. ‘आणि’ असेल तिथे दोन्ही वस्तूंना रंग. काही ओळींत ‘आणि’ऐवजी ‘पण’: ‘मोदक आहे पण दुर्वा नाही’. तिथे एकालाच रंग. शब्दाचा अर्थ थेट हातात उतरला. ‘पण’ हा शब्द कसा समजावायचा याचा मी कितीतरी काळ विचार करत होते; व्याख्या करून तो कधीच समजला नसता.

वेलांटीसाठी, रंगवायच्या आधी ‘णि’ हवेत बोटाने गिरवून घेते. ण आधी म्हणायचा, वेलांटी नंतर जोडायची.

१४ ऑक्टोबर, सोमवार
दसरा झाला. आपट्याच्या पानांचं पत्रक, सोपं, लवकर आटोपलं. वर्गात खरीखुरी पानं आली होती. त्यांवर तेलखडूने ‘हे’, ‘ही’, ‘हा’ लिहून मुलांनी ती वर्गातल्या वस्तूंना चिकटवली: ही पाटी, हा खडू, हे पुस्तक. अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी बोर्डीत १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं, आणि पानं, बिया, शिंपले यांनाच शिक्षणाचं साहित्य केलं. छापील पान हे साधन आहे, परसातलं पान त्याहून जुनं आणि फुकटचं.

२५ नोव्हेंबर, सोमवार
सुट्टीनंतर वर्गात ऊसतोड कुटुंबांतली मुलं आली आहेत. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की येतात, उन्हाळा लागला की जातात. त्यांच्या आधीच्या शाळेत काय झालं, कुठली अक्षरं येतात, काही कळायला मार्ग नसतो.

माझ्या थंडीच्या पानावर शेकोटी, स्वेटर आणि बोरं होती. एका मुलाने ते बघितलं, मग पान उलटून मागच्या कोऱ्या कोपऱ्यात स्वतःच चित्र काढलं: बैलगाडी, तिच्यावर उसाची मोळी, खाली खोपी. बैलगाडीचे साटे, जू, सगळं जिथल्या तिथे. रात्री मी तेच चित्र जाड रेषेत उतरवलं आणि ओळी लिहिल्या: ऊस गाडीत आहे. बैल खोपीत नाही. आई कुठे आहे? बाबा कुठे आहे? शेवटच्या दोन ओळींसाठी रंग सांगितला नाही, मुलांनी आई-बाबांना स्वतः काढायचं.

आज ते पान सगळ्या वर्गाला दिलं. ‘साटा’ म्हणजे काय, खोपीला दार असतं का, पहाटे किती वाजता निघता, हे गावातली मुलं त्याला विचारत होती आणि तो सांगत होता. ‘कुठे’ हा शब्द त्याने पहिल्या दिवशीच धरला. त्याच्यासाठी पानांची वेगळी पिशवी केली आहे. जाताना बरोबर न्यायला.

१० डिसेंबर, मंगळवार
दुसरीला इंग्रजी छोटे शब्दही याच मार्गाने द्यावेत असं सहकाऱ्यांनी सुचवलं. राज्यात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून आहे, तेव्हा विचार योग्यच. पण सध्या थोडंच: इज, नॉट, अप, डाउन. एकाच पानावर दोन्ही लिप्या ठेवत नाही. ‘सेड’सारखे शब्द लिहितात एक आणि म्हणतात दुसरं, त्यांना वेगळा उपाय हवा, तो या प्रकल्पात नको.

९ जानेवारी २०२५, गुरुवार
आजूबाजूच्या शिवारात स्ट्रॉबेरी जोरात आहे. बऱ्याच मुलांच्या आया तोडणीला जातात, मुलंही रविवारी रांगांतून फिरतात. फळ आधी हिरवं, मग पांढरट, मग लाल; हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

‘अजून’ या शब्दासाठी यापेक्षा चांगलं चित्र मिळणार नाही. एका रोपावर आठ फळं, प्रत्येकाशेजारी ओळ:
ही पिकली आहे.
ही अजून पिकली नाही.
ही आधी पिकली.
ही अजून हिरवी आहे.

‘अजून’ न वाचता ही ओळ सोडवताच येत नाही. शिवाय ‘पिकली’, ‘हिरवी’ ही स्त्रीलिंगी रूपं इथे पहिल्यांदा आणली. पुढच्या पानात शेजारी आंबा ठेवला: हा पिकला, ही पिकली, हा हिरवा, ही हिरवी. मुलांनी फरक स्वतःच पकडला. “बाई, स्ट्रॉबेरी बाई हाय आन् आंबा बाप्या हाय.” व्याकरणाचा तास झाला, आणि मला तो घ्यावा लागला नाही.

पान घरी गेलं, त्यावरून एकीच्या आईने निरोप पाठवला: फळाचा देठ हिरवाच राहतो, पानात तो सुटला आहे, मुलीने तो लाल रंगवला म्हणून घरी वाद झाला. देठासाठी ओळ वाढवली: देठाला हिरवा रंग दे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
‘म्हणाला’, ‘म्हणाली’. यांच्यासाठी रंगचित्राची रीत बदलली. चार चौकटींची गोष्ट, सावरीच्या झाडाखालची. झाडाला लाल फुलं आली आहेत, कावळा आणि चिमणी बोलताहेत. ‘कावळा म्हणाला’ असेल तर कावळ्याचा फुगा काळा, ‘चिमणी म्हणाली’ असेल तर चिमणीचा पिवळा. शेवटच्या दोन चौकटींत पक्ष्याचं नाव लिहिलंच नाही, फक्त ‘म्हणाला’ किंवा ‘म्हणाली’. कोण बोललं ते शेवटच्या अक्षरावरून ठरवायचं.

ऑगस्टमध्ये आहे-आहेत यात शेवटचं अक्षर गळत होतं, ती खोड इथे सुटते आहे. काना की दुसरी वेलांटी, हे बघितल्याशिवाय खडू उचलताच येत नाही. ‘म्हणाला’मधलं म्ह मात्र काही जण अजून ‘मणाला’ म्हणतात. त्यांना फळ्यावर अर्धा म आणि ह वेगळे दाखवून जोडून देते.

२४ मार्च, सोमवार
गेल्या बुधवारी, १९ तारखेला रंगपंचमी होती, बावधनचं बगाड: जत्रेत उंच शिडाला बगाड्या बांधून बैलांनी ओढायचा गाडा. वर्ग निम्मा रिकामा होता. आज सगळे आले ते बगाडाच्या गप्पा घेऊनच. पान आधीच तयार होतं: गाडा, बैल, शीड, गर्दी. ‘बगाड्या वर आहे. माणसं खाली आहेत.’ आहे-आहेत एकाच चित्रात. बगाडाला बैल किती, यावर दोन बाकांत जुंपली. शेवटी ‘बैल आहेत’ एवढंच ठेवून बैलांचा आकडा प्रत्येकाने आपापला काढायचा ठरलं.

अखेरची तपासणी, पट्ट्यांवर आणि पुस्तकातल्या न वाचलेल्या पानावर. दुसरीत यादीतले जवळजवळ सगळे शब्द सहज. पहिलीत त्याला, तिच्या, माझ्या हे अजून अडखळत. त्यांची पानं जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी वेगळी काढून ठेवली, दुसरीत गेल्यावर तिथूनच सुरुवात. ऊसतोडीच्या मुलाचं कुटुंब गेल्या आठवड्यात परतलं. पिशवी दिली, आणि तिच्यात त्याला येणाऱ्या शब्दांची यादी, त्याच्या तिकडच्या बाईंसाठी.

मूळ चित्रं महिन्यानुसार फायलीत लावली आहेत. अंगणवाडीच्या ताईंनी जून-जुलैची मागितली आहेत. त्यांना फक्त आहे-नाहीची दोन पानं आणि बैलाचं पान, ओळी न लिहिता, तोंडी सांगायला. उन्हाळ्याच्या पानात कैरी आणि करवंदं घ्यायची. करवंदाचं बरं आहे: आधी हिरवं, मग काळं, आणि आत लाल की पांढरं ते फोडल्याशिवाय कळत नाही. ‘आत’ आणि ‘बाहेर’ तिथे शिकवायचे.